मेंदूतला पाझर

मी भूगोल शिकवणारा माणूस. नद्या, खोरी, पर्जन्यमान आणि माती हा माझा रोजचा विषय. तेव्हा मेंदूच्या दुखण्यावर बोलायला हा गृहस्थ कसा काय आला, असा प्रश्न आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात येईल, आणि तो रास्तच आहे. मी डॉक्टर नाही. पण आमच्या घरात एक दुखणे येऊन गेले. त्याच्यापायी मला हा विषय पुस्तकांतून वाचावा लागला, डॉक्टरमंडळींना पुन्हापुन्हा विचारून समजून घ्यावा लागला. आणि त्या सगळ्या प्रकरणात माझ्या हातून, म्हणजे घरातल्या शिकलेल्या माणसाच्या हातून, एक मोठी चूक झाली. ती आज आपल्यापुढे सांगायची आहे.

माझी आत्या राहुरी तालुक्यात, प्रवरेच्या कालव्याखालच्या एका गावात दिलेली. वय अठ्ठावन्न. बाई कामाला वाघ. दोन म्हशी, घरचा ऊस, कांदा, आणि दहा माणसांच्या भाकरी. तीन वर्षांपूर्वी श्रावणाच्या सुमारास ती हळूहळू गप्प होत गेली. भाजीत मीठ राहू लागले. दारात आलेल्या माणसाला ‘या, बसा’ म्हणेना. एके दिवशी तव्यावरची भाकरी जळून कोळसा झाली, आणि ही चुलीपुढे बसून नुसती बघत होती. शेजारणी म्हणाल्या, “म्हातारीनं सुनेवर राग धरलाय.” बिचारी सून रडून रडून अर्धी झाली. कोणी म्हणाले वयोमान, कोणी म्हणाले बाहेरचे. एका देवऋषाकडे दोन वाऱ्याही झाल्या. सकाळी उठल्यावर डोके दुखे, कधी उलटी होई, आणि दिवस वर आला की जरा बरे वाटे. ते पित्तावर गेले.

पुढे भाद्रपदात, पहाटे शेण काढताना ती गोठ्यात पडली. उजवा हात आणि पाय झटके देऊ लागला, तोंडाला फेस आला. मग नेहमीचे सगळे झाले. कोणी कांदा फोडून नाकाशी धरला, कोणी चप्पल हुंगवली. दातखीळ सोडवायला एकाने चमचा घातला, त्यात तिचा पुढचा दात गेला. इथे शिक्षकबंधूंना आणि भगिनींना मुद्दाम सांगतो, कारण शाळेतही असा प्रसंग येतो. झटके येत असता माणसाच्या तोंडात काहीही घालायचे नाही, पाणीसुद्धा नाही. त्याला दाबून धरायचे नाही. आजूबाजूचे दगड, पाट, विळी दूर करायची, डोक्याखाली काही मऊ ठेवायचे आणि जमेल तेव्हा त्याला एका कुशीवर वळवायचे, म्हणजे लाळ घशात न जाता बाहेर येते. बहुतेक झटके दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात. पाच मिनिटांवर चालले तर मात्र १०८ ला फोन करून गाडी बोलवायची. चप्पल जिथली तिथे ठेवावी.

आत्याला आम्ही नगरला आणले. शहराचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे, पण तोंडाला नगरच येते. तिथे डोक्याचा एमआरआय काढला. डॉक्टरांनी ती काळी फिल्म उजेडावर धरली आणि डाव्या बाजूला, कपाळाच्या मागे, एक पांढरी गोल गाठ दाखवली. मोठ्या लिंबाएवढी असेल. पण माझी नजर गेली ती गाठीच्या भोवतालच्या भागाकडे. तळहाताची बोटे पसरावीत तसा एक फिकट डाग मेंदूत आतवर शिरला होता. तो गाठीच्या तिप्पट तरी मोठा होता.

मी विचारले, “एवढी मोठी गाठ?”

डॉक्टर म्हणाले, “गाठ एवढीशीच आहे, सर. बाकीची सूज आहे. आणि ही गाठ मेंदूची नाही, मेंदूच्या पांघरुणाची आहे.”

त्या पांघरुणाची गोष्ट आधी सांगतो. कवटी आणि मेंदू यांच्यामध्ये तीन आवरणे असतात. सर्वांत बाहेरचे जाड, चामड्यासारखे, कवटीला आतून चिकटलेले. मधले कोळ्याच्या जाळ्यासारखे नाजूक. सर्वांत आतले कांद्याच्या पापुद्र्याइतके पातळ, मेंदूच्या प्रत्येक घडीत शिरून त्याला लपेटलेले. मधल्या व आतल्या आवरणांच्या दरम्यान नितळ पाणी खेळते आणि त्यात मेंदू तरंगतो म्हटले तरी चालेल. या मधल्या आवरणातील पेशींपासून जी गाठ उगवते, बाहेरच्या जाड आवरणाला मूळ धरते आणि बाहेरून मेंदूला आत रेटते, तिला मेनिंजिओमा म्हणतात. प्रौढ माणसांच्या डोक्यात मूळच्या तिथल्याच अशा ज्या गाठी आढळतात, त्यांत सर्वाधिक याच. पुरुषांपेक्षा बायकांत सुमारे दुप्पट. सुखाची गोष्ट अशी की दहांतल्या आठ गाठी सौम्य असतात. वर्षानुवर्षे अगदी हळू वाढतात आणि अंगात इतरत्र पसरत नाहीत.

या गाठीचा इतिहास जुना आहे. ग्लासगोच्या मॅकएवन नावाच्या शल्यवैद्याने १८७९ साली चौदा वर्षांच्या एका मुलीची अशी गाठ काढली आणि ती मुलगी पुढे आठ वर्षे जगली. तेव्हा एमआरआय नव्हता, क्ष-किरणांचाही शोध लागायचा होता. डोळ्यावरची सूज आणि अंगाचे झटके यांवरून त्याने जागा ताडली. अमेरिकेत हार्वे कुशिंग या शल्यवैद्याने १९१० साली लेनर्ड वुड या नामांकित सेनापतीची गाठ काढली. वुडसाहेब त्यानंतर पुष्कळ वर्षे कारभार करीत राहिले. पण गाठ पुन्हा वाढली आणि १९२७ साली पुन्हा कराव्या लागलेल्या शस्त्रक्रियेनंतर ते वारले. मेनिंजिओमा हे नाव १९२२ साली ठेवले तेही या कुशिंगनेच. आपल्या देशात मेंदूच्या शस्त्रक्रियेचा स्वतंत्र विभाग पहिल्याने वेल्लोरला डॉ. जेकब चँडी यांनी १९४९ साली उघडला. म्हणजे आपल्याकडे हे शास्त्र अजून शंभर वर्षांचेही नाही.

आता सुजेकडे येतो. मला छळणारा प्रश्न असा होता, की गाठ जर मेंदूच्या बाहेर आहे, तर सूज मेंदूच्या आत का?

आपल्या भागातल्या माणसाला हे समजायला पुस्तक लागत नाही. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले आणि प्रवरेच्या कालव्यांनी हा मुलूख हिरवा केला. पण कालव्याकडेची कित्येक रानं पुढे चिबड झाली, चोपण झाली, हेही आपण पाहिले आहे. कालवा काही त्या रानातून जात नाही, तो शेजारून जातो. तरी त्याचा पाझर मातीखालून येतो, निचऱ्याला वाट सापडत नाही, आणि वरून चांगल्या दिसणाऱ्या वावरात ऊस पिवळा पडतो. पीक रोगाने जात नाही, पाण्याने गुदमरते. आत्याच्या मेंदूत नेमके हेच चालले होते.

मेंदूतल्या निरोगी रक्तवाहिन्या म्हणजे पक्के अस्तर केलेला कालवा समजा. रक्तातले काय बाहेर जाऊ द्यायचे आणि काय नाही, याची तिथे फार कडक राखण असते. गाठीच्या स्वतःच्या वाहिन्यांना हे अस्तर नसते. बहुतेक गाठी आपले रक्त बाहेरच्या जाड आवरणातून घेतात, तोवर त्रास बेताचा असतो. पण काही गाठी आतल्या पापुद्र्यातल्या, म्हणजे खुद्द मेंदूच्या, वाहिन्यांनाही तोंड लावतात. त्यासाठी त्या एक रासायनिक निरोप सोडतात. या द्रव्याने नव्या वाहिन्या फुटतात आणि आसपासच्या वाहिन्या गळक्या होतात. याचा छडा लागू लागला तो १९८३ नंतर. गाठ आणि मेंदू यांच्यामधला पाण्याचा नाजूक पडदा जिथे मोडला असेल, तिथे हे गळणारे पाणी सरळ मेंदूत उतरते.

मेंदूचाही सगळा भाग सारखा नाही. वरची करडी साय दाट असते. तिच्या खालचा पांढरा भाग म्हणजे नसांच्या तंतूंच्या जुड्या; तो पोकळ, सैल. पाणी सैल जमिनीतून धावते, तसे ते या तंतूंच्या वाटेने पसरते. फिल्मवर बोटे दिसली ती यामुळेच. म्हणून लिंबाएवढ्या गाठीभोवती हाताएवढी सूज असते, तर एखाद्या मोसंब्याएवढ्या गाठीभोवती थेंबभरही नसते. मेनिंजिओमाच्या साधारण निम्म्या रोग्यांत अशी सूज कमी-अधिक आढळते. गाठीच्या आकारावरून सुजेचा अंदाज बांधायला जाऊ नये.

इथे वावराचे उदाहरण संपते, कारण वावराला वर आभाळ मोकळे असते. कवटी हा बंद डबा आहे. त्यात सव्वा-दीड किलोचा मेंदू, रक्त आणि दीडशे मिलिलिटरच्या आसपास पाणी, एवढाच ऐवज मावतो. एक वाढले की दुसऱ्याने मागे सरायचे. आधी पाणी सरते, मग रक्त. म्हणून कित्येक महिने काही कळत नाही. सरायला जागा उरली नाही, की थोड्याशा वाढीनेही दाब भराभर चढतो. रात्रभर आडवे झोपल्याने तो आणखी वाढतो. सकाळची डोकेदुखी त्यातून येते. आत्याची सुजलेली जागा म्हणजे माणसाचा पुढाकार, उत्साह, भान सांभाळणारी जागा. सुनेवर तिचा कसला राग? तिच्या मनातून काहीच निघत नव्हते. त्या मुलीने दोन महिने उगाच बोल खाल्ले, याचे मला आजही वाईट वाटते.

डॉक्टरांनी दोन औषधे सुरू केली. एक झटक्यांवरचे आणि दुसरे डेक्सामेथासोन नावाचे, सुजेवरचे. हे दुसरे स्टिरॉइड जातीचे आहे. अमेरिकेत मिनेसोटा येथील डॉक्टरांनी १९६१ साली मेंदूच्या सुजेवर त्याचा गुण जगापुढे मांडला. त्यापूर्वी कवटी उघडताच सुजलेला मेंदू बाहेर उसळू पाहत असे आणि शल्यवैद्य हतबल होत. या औषधाने गळक्या वाहिन्यांची गळती कमी होते आणि दाब उतरतो, तोही दोन-तीन दिवसांत.

आणि तसेच झाले. तिसऱ्या दिवशी सकाळी आत्या खाटेवर उठून बसली, माझ्याकडे बघून म्हणाली, “तू कधी आलास रे? चहा घेतलास का?” मग तिने मामांना, म्हणजे तिच्या यजमानांना, विचारले, “म्हशी कोण पिळतंय?” मामांच्या डोळ्यांना धार लागली. वॉर्डातली सगळी माणसे हसू लागली.

श्रोतेहो, आमची चूक इथे झाली.

डॉक्टरांनी सांगितले होते की ही सूज उतरली आहे, गाठ जागच्या जागी आहे. आठ-दहा दिवसांत पुण्याला नेऊन शस्त्रक्रिया करून घ्या. पण समोर माणूस बोलतोय, जेवतोय, चालतोय. मामा म्हणाले, “गोळ्यांनी गाठ इरघळली म्हण की. मग डोकं कशाला फोडायचं?” घरी कांद्याची लागण तोंडावर आली होती, ऊस तोडणीला यायचा होता. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. घरात एम. ए. झालेला मी एकटा. मला ते पटले होते असे नाही. पण महाविद्यालयाच्या परीक्षा होत्या, आणि भीतीही होती. मेंदूची शस्त्रक्रिया म्हटले की माझ्याही पोटात गोळा आला. मी म्हणालो, “दिवाळीनंतर बघू.”

एवढेच शब्द. पण त्यांवर घर निश्चिंत झाले.

गोळ्या लिहून दिल्या होत्या तितक्या संपल्या. बरे वाटत होते, म्हणून पुन्हा कोणी आणल्या नाहीत. या औषधाचे एक वर्म आहे, ते नीट ऐका. आपल्या मूत्रपिंडांच्या डोक्यावर दोन लहान ग्रंथी असतात, त्या याच जातीचे द्रव्य रोज तयार करतात. बाहेरून गोळी येऊ लागली की त्या ग्रंथी काम सोडून स्वस्थ बसतात. काही आठवडे गोळी घेऊन एकदम बंद केली, तर शरीराजवळ ना बाहेरचे राहते ना घरचे. म्हणून ही गोळी डॉक्टर पायरीपायरीने उतरवतात. शिवाय ती घेताना रक्तातली साखर वाढते, पोटात आग होते, झोप उडते, भूक खवळते. मधुमेही माणसाने तर डोळ्यांत तेल घालून साखर तपासावी. आणि गाठ विरघळवणे हे तिचे कामच नाही. कालव्याचे आवर्तन बंद झाले की चिबड वावर थोडे सुकते, म्हणून कालवा बुजला असे कोणी म्हणत नाही. आम्ही मात्र तसे म्हणालो.

गोळ्या बंद झाल्यावर पाचव्या दिवशी आत्याला उलट्या सुरू झाल्या. सातव्या दिवशी ती हाकेला ओ देईना, उजवा हात लुळा पडला. रात्री दीड वाजता आम्ही जीप केली. नगर-पुणे रस्ता मी शेकडो वेळा केला असेल. त्या रात्री सुप्याच्या पुढे कुठेतरी तिचा श्वास घोरल्यासारखा झाला, आणि पुढचा तास-दीड तास मी ‘दिवाळीनंतर बघू’ हे माझेच शब्द ऐकत बसलो होतो.

पुण्याला शिरेतून औषधे देऊन आधी दाब उतरवला. त्यात मॅनिटॉल म्हणून एक साखरेच्या जातीचे द्रव्य असते, ते मेंदूतले पाणी रक्तात ओढून घेते. हा घटकाभराचा उपाय. चार दिवसांनी शस्त्रक्रिया झाली. पाच तास लागले. गाठ जिथे मेंदूला चिकटली होती, तिथून ती सोडवणे फार जिकिरीचे होते, असे शल्यवैद्यांनी नंतर सांगितले. सूज मोठी असली की पुष्कळदा असा चिकटपणाही असतो. ज्या पडद्यावरून गाठ अलगद सुटावी तो पडदाच मोडलेला असतो. गाठ तपासणीत सौम्य निघाली.

आपल्यापैकी कोणाच्या घरी खर्चाची काळजी असेल. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत मेंदूच्या शस्त्रक्रिया येतात. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो, त्याला रेशनकार्ड आणि ओळखपत्र दाखवून आधीच विचारावे. आम्ही हे उशिरा केले, तरी झाले.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर उद्या जिल्ह्यातले प्रत्येक दुखणारे डोके एमआरआयच्या दारात उभे राहील. डोकेदुखीच्या शंभर रोग्यांत गाठीचा क्वचितच एखादा. चष्मा, रक्तदाब, जागरण, अर्धशिशी हीच कारणे जास्त. मोठ्या माणसाला प्रथमच झटका आला, तरी ती गाठच असे नाही. आपल्या देशात डुकराच्या पट्टकृमीची अंडी अस्वच्छ पाण्यातून, न धुतलेल्या भाजीतून पोटात जातात आणि मेंदूत कृमीचे कोष होतात. क्षयाच्या गाठीही होतात. त्यांच्याभोवतीही सूज येते, पण औषध निराळे असते, म्हणून तपासणी हवी. मात्र चाळिशी ओलांडलेल्या माणसाला पहिल्यांदा झटका आला, किंवा सकाळची डोकेदुखी उलटीसह आठवड्यागणिक वाढू लागली, एका अंगाची ताकद गेली, नजर अंधुक झाली, किंवा बोलके माणूस काही महिन्यांत मुके झाले, तर देवऋषाकडे जाण्याआधी फिल्म काढून घ्यावी. आणि फिल्ममध्ये सूज नसलेली, त्रास न देणारी लहानशी गाठ सहज सापडली, तर घाबरूनही जाऊ नये. अशा पुष्कळ गाठींना डॉक्टर हातही लावत नाहीत, ठरावीक काळाने नुसती फिल्म काढून नजर ठेवतात. काहींना किरणोपचार पुरतात. सूज असेल तर मात्र हिशेब बदलतो.

आम्हांला वाटले होते, गाठ काढली की सूज त्याच दिवशी जाईल. तसे होत नाही. चर खणला म्हणून चिबड रान दुसऱ्या दिवशी वाफशावर येत नाही. तीन महिन्यांनंतरच्या फिल्ममध्येही ती बोटे दिसत होती, फिकट झालेली. वर्षाने दिसेनाशी झाली, तरी तिथे एक लहान वण राहिला आहे. शस्त्रक्रियेआधी मेंदू जितके दिवस पाण्यात राहिला, तितके त्याचे भोगणे जास्त, असे मला सांगण्यात आले. आत्याच्या बाबतीत ते किती दिवस माझ्या ‘दिवाळीनंतर’चे, हे विचारण्याचा धीर मला झाला नाही.

आज ती बोलते, हिंडते, सुनेला हाका मारते. झटक्यांची गोळी अजून चालू आहे. उजव्या हाताची बोटे पुरती वळत नाहीत, त्यामुळे म्हशी आता मुलगा पिळतो. भाकरी थापायला ती बसतेच. पूर्वी एका हाताने परातीत भाकरी गरगर फिरायची, आता दोन्ही हात लावून सावकाश थापते, आणि कडा जाड राहतात. सून त्यावर काही बोलत नाही. पुढची फिल्म पौषात काढायची आहे. मामांनी ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर गोल करून ठेवली आहे, उसाच्या तोडीच्या तारखेच्या वर.